नावं ठेवून झाली, आता केसपेपर काढा

गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवातली गोष्ट. आमच्याच आळीतलं घर, पडवीत सतरंजी, पंधरा-वीस बायका आणि आयांचा पदर धरून आलेली चार-पाच पोरं. त्यातला एक आठ वर्षांचा. आल्यापासून तो झोपाळ्यावरून खिडकीत, खिडकीतून खाली, परत झोपाळ्यावर. आईनं दोनदा डोळे वटारले, एकदा चिमटा काढला. तिसऱ्या फेरीला तो धावत आला तो थेट वाणाच्या ताटावरच. स्टीलच्या वाट्या घरभर, हलव्याचे दाणे उंबऱ्यापर्यंत आणि गुलाबदाणी कुणाच्या तरी नव्या साडीवर. क्षणभर सगळं चिडीचूप. मग सुरू झालं. "काय गो, अंगात वारं भरलंय की काय ह्याच्या?" "आईचा धाक नाही, दुसरं काय!" "आमची नातवंडं बघा, बसवली तिथून हलायची नाहीत." त्याच्या आईनं सगळ्यांदेखत त्याला एक ठेवून दिली, आणि ओटी न भरून घेताच पोराचा हात धरून ती निघून गेली.

मी गप्प होते. गप्प होते कारण त्या सगळ्या जणींपेक्षा माझा दोष मोठा होता. हीच मुलगी (मला तर ती मुलगीच, तिशीची आहे) तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. बालवाडीतून रोज तक्रार यायची. "ताई, कुणाला दाखवू का ह्याला?" असं तिनं स्पष्ट विचारलं होतं. आणि बचत गट चालवणारी, अख्ख्या आळीला सल्ले देणारी मी म्हणाले होते, "अगं, मुलगे असेच असतात. मोठा झाला की होईल शांत." माझ्या त्या एका वाक्यावर तिनं तीन वर्षं काढली. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत अशा मुलांसाठी नावांचा तोटा नाही. वांड, द्वाड, उपद्व्यापी, कार्टं, एका जागी बूड न टेकणारा. मुलगी असेल तर वेंधळी, धांदरट, विसराळू, स्वप्नाळू. मोठेपणी आरंभशूर, बेजबाबदार, घरात लक्ष नसलेली. ही नावं ठेवायला आपल्याला ना डिग्री लागते ना परवाना. पण डॉक्टरांकडून एक नाव कळून घ्यायचं म्हटलं की लगेच म्हणतो, "नको बाई, पोराला उगाच शिक्का बसायचा." शिक्के तर आपण कधीच मारून बसलेलो असतो!

त्या डॉक्टरी नावाचं इंग्रजी लघुरूप एडीएचडी. लक्ष टिकवता न येणं, शरीर स्वस्थ न बसणं आणि विचार करायच्या आत कृती होऊन जाणं, या तीन गोष्टी त्यात येतात. प्रत्येकात तिन्ही असतातच असं नाही. काही मुलं अजिबात धावत नाहीत, खिडकीबाहेर बघत शांत बसून राहतात. फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतात, डबा हरवतात, येत असलेलं गणित पेपरात चुकवतात. अशा मुलांमध्ये मुली पुष्कळ असतात आणि त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला निदान कुणीतरी डॉक्टर सुचवतं. गप्प बसणाऱ्या मुलीला 'अभ्यासात जरा कमी आहे' म्हणून सोडून देतात, आणि पुढे लग्नाचं बघायला लागतात.

"हे सगळं अमेरिकेतलं नवं खूळ" असं आमच्याकडे एक काका नेहमी म्हणतात. त्यांच्यासाठी सांगते. जर्मनीतल्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टरांनी १८४०च्या दशकात मुलांसाठी गमतीच्या कवितांचं एक पुस्तक केलं. त्यात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा एक मुलगा आहे. खुर्चीवर झुलता झुलता तो टेबलावरचं कापड ओढतो आणि सगळी भांडी अंगावर घेऊन खाली पडतो. मला वाचताना वाणाचं ताटच आठवलं! लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये अशाच मुलांवर व्याख्यानं दिली. आजचं नाव १९८७ पासूनचं. म्हणजे नाव नवं, मुलं जुनीच. जगभरचे अभ्यास बघितले तर शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये हे आढळतं. साठ मुलांच्या वर्गात तिघं झाली की! आणि हे बहुतांशी रक्तातून, घराण्यातून येतं. आईचं वळण, टीव्ही, मोबाईल यांनी ते होत नाही. मोबाईलनं मुलं बिघडतात हे मलाही मान्य आहे, पण ती वेगळी तक्रार.

आता माझा मुद्दा. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली गृहिणी आहे. अमक्याला एडीएचडी आहे की नाही हे मला सांगता येणार नाही आणि शेजारच्या काकूंनाही नाही. तीन वर्षांपूर्वी मी 'काही नाही' असं सांगितलं. आज 'नक्की तेच आहे' असं सांगितलं तर ती तीच चूक उलट बाजूनं होईल. म्हणून तपासणी. रीतसर, माहितगाराकडून, पूर्ण.

ही तपासणी म्हणजे काय, याची आपल्याला इतकी धास्ती असते की कुणी खुर्चीला बांधून शॉक देतील असं वाटतं. त्या आईलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात काय झालं? प्रश्न झाले. पुष्कळ प्रश्न. बाळंतपण कसं झालं, दिवस पूर्ण भरले होते का, बाळ कधी चाललं, कधी बोललं, झोप कशी आहे, फिट कधी आली होती का, डोक्याला मार लागला होता का. घरात भांडणं होतात का, हेही विचारलं. शाळेत काय होतं, आजोळी काय होतं, आवडीच्या कामात किती वेळ रमतो. मग शाळेसाठी एक प्रश्नावली दिली, ती वर्गशिक्षिकेनं भरायची. घरच्यांसाठी दुसरी. शाळेत एक आणि घरी दुसरंच चित्र असेल तर डॉक्टर थांबून विचार करतात. कारण नियमच असा आहे की लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त शाळेत धिंगाणा आणि घरी शहाणा, तर कदाचित शाळेतच काहीतरी बिनसलेलं असेल.

नियम आणखीही आहेत. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ, अशी यादी डॉक्टरांकडे असते. मुलांमध्ये दोन्हीपैकी निदान एका यादीतली किमान सहा हवीत, सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांत पाच. सहा महिने तरी टिकलेली हवीत, वयाला न शोभणारी हवीत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली हवीत. (पूर्वी ही अट सात वर्षांची होती, २०१३ मध्ये ती बारा केली.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळे मुलाचं काहीतरी अडत असलं पाहिजे. अभ्यास, दोस्ती, घर, काहीतरी. नुसता खोडकर असणं हा काही आजार नाही. आंब्याच्या कलमावर चढणारं प्रत्येक पोर डॉक्टरकडे न्यायला लागलो तर रत्नागिरीत दवाखाने पुरणार नाहीत.

रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून हे कळत नाही. रक्ततपासणी सांगतात ती दुसरं काही नाही ना हे बघायला. म्हणून दहा मिनिटांत निदान करणारा किंवा महागड्या मशीनवर मेंदूचा रंगीत नकाशा काढून 'हे बघा' म्हणणारा भेटला तर सरळ उठून यावं. निदान करायचं ते मानसोपचारतज्ज्ञांनी किंवा मुलांच्या वाढ-विकासाचं खास शिक्षण घेतलेल्या बालरोगतज्ज्ञांनी. चाचण्या घ्यायच्या त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नंबर विचारायला लाजू नका. सोनाराकडे हॉलमार्क बघतोच ना आपण? चार महिन्यांचा कोर्स करून पाटी लावलेले समुपदेशक हल्ली गल्लोगल्ली दिसतात. बोलून मन हलकं करायला ते ठीक, पण हे निदान त्यांचं काम नाही.

चाचण्यांमध्ये बहुधा बुद्ध्यांकाचीही असते. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली 'बिने-कामत' चाचणी पुढे देशभर वापरली गेली. मूल मंद आहे असं आपण समजत असतो आणि बुद्ध्यांक चांगला निघतो, असं पुष्कळदा होतं. शिवाय एडीएचडीसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीय मुलं डोळ्यांपुढे ठेवून प्रश्नावली तयार केलेली आहे, तिचं नाव आयएनडीटी-एडीएचडी. म्हणजे परदेशी पट्टीनंच आपली पोरं मोजतात असंही नाही.

तपासणी 'नाही' असंही सांगते, हे लोकांना कळत नाही. बचत गटातल्या एका बाईची मुलगी, दुसरीतली. हाका मारल्या तरी बघायची नाही, वर्गात हरवलेली. टीव्हीवर काहीतरी बघून आईनंच ठरवून टाकलं होतं की हिला तेच आहे. डॉक्टरांनी सगळ्यात आधी कान तपासायला पाठवलं. दोन्ही कानांत पाणी साठून ऐकूच कमी येत होतं! तीन महिन्यांत मुलगी पहिल्या बाकावर. कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, रक्त कमी असणं, अपुरी झोप, थायरॉईड, क्षणभर डोळे थिजवणारी बारीक फिट, घरातलं दारूचं भांडण... लक्ष न लागायला शंभर कारणं असतात. ती एकेक करून बाजूला काढणं म्हणजेच तपासणी.

आता थोडं आपल्या गावाविषयी. माझं माहेर चिपळूणकडचं. लहानपणी कुणी वेडंवाकडं वागलं की मोठी माणसं म्हणायची, "ह्याला रत्नागिरीला पोचवा रे!" माझं लग्न रत्नागिरीत ठरलं तेव्हा भावंडांनी केवढी चेष्टा केली होती. ठाण्याच्या बाजूला ठाण्याचं नाव घेतात, पुण्याकडे येरवड्याचं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आपलं १८८६ सालचं. सव्वाशे वर्षांच्या वर झाली. एवढी वर्षं ती भिंत आपल्या गावात उभी आहे, आणि तिच्या आत बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे केसपेपर काढून, डॉक्टरांना भेटून, औषध घेऊन माणसं आपापल्या घरी जातात, हे गावातल्याच किती जणींना माहीत आहे? मीसुद्धा लग्नानंतर पंधरा वर्षं त्या फाटकाकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. त्या आईनं पहिल्यांदा पोराला कोल्हापूरला नेलं. पहाटेची एसटी, आंबा घाटात पोराला दोन उलट्या, रांग, परत रात्रीची एसटी. सासूला सांगितलं होतं, डोळे दाखवायला नेते. का? तर इथल्या डॉक्टरांच्या दारात कुणी बघितलं तर आळीत बोभाटा होईल. नवऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली, तिचं आंबोळीच्या पिठाचं गिऱ्हाईक तुटलं. आणि पहिल्या भेटीत निदान होत नसतं, परत बोलावतात. तिनं दुसरी खेप केलीच नाही. पैसे नव्हते. हळदीकुंकवाच्या आधीचीच ही खेप, मला नंतर कळली.

हळदीकुंकवानंतर आठवडाभरानं मी तिच्याकडे गेले, माझं चुकलं म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघींनी इथेच सुरुवात करायचं ठरवलं. सगळं इथे मिळतं असं मी म्हणणार नाही. मुलांसाठीचे मनाचे डॉक्टर सगळ्या कोकणातच थोडे आहेत, काही चाचण्यांसाठी कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठावी लागते. पण मग कागद हातात घेऊन, कशासाठी जातोय हे कळून जाता येतं. डॉक्टर चिठ्ठी देतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांनी बघायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पण पथक येतं, वजन-उंची होते, दात बघतात, आणि आपण त्या दिवशी कामावर असतो. शाळेत आधीच विचारून ठेवा, पथक कधी येणार ते. जाऊन सांगा की माझ्या मुलाचं असं असं आहे. आपण सांगितलं नाही तर गर्दीत त्यांना कसं कळणार? आणि घराबाहेर पडणंच मुश्कील असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर निदान होत नाही, पण कुठे जावं हे विचारता येतं.

जाताना काय न्यायचं? जुनी प्रगतिपुस्तकं, दोन-तीन वह्या (चांगल्या नकोत, नेहमीच्या), जन्माचे कागद, लसीकरणाचं कार्ड. एका कागदावर घडलेले प्रसंग तारखेसकट लिहून न्या. 'खूप त्रास देतो' म्हटलं तर डॉक्टरांना काही कळत नाही. 'चप्पल घालायला सांगितलं, पाच वेळा सांगितलं, शेवटी अनवाणीच शाळेत गेला' हे कळतं. मारता का, असं विचारलं तर खरं सांगा. त्या आईनं सांगितलं आणि ती रडली. डॉक्टरांनी ओरडा केला नाही.

देवाचंही बोलायला हवं, नाहीतर लेख खोटा होईल. सासूनं ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं होतं, कौलही लावला होता. मी त्याला हसत नाही. माझ्याही घरी नारळ ठेवतात. पण उताऱ्यासाठी दोन वर्षं घालवायची आणि केसपेपरसाठी दोन तास नाहीत, असं करू नका. गंमत म्हणजे कोल्हापूरचं उघड झाल्यावर आधी आठ दिवस अबोला धरलेली सासूच पुढे डॉक्टरांकडे यायला तयार झाली.

शाळेचा अनुभव मात्र कडू. कुठली शाळा ते लिहीत नाही. प्रश्नावली भरायला तीन आठवडे लावले आणि वर सुचवलं, 'दुसरीकडे बघा.' पण एक बाई, वर्गशिक्षिका नव्हेत, चित्रकलेच्या, त्यांनी आपणहून दोन पानं लिहून दिली. त्यांच्या तासाला तो पाऊण तास जागचा हलत नाही म्हणे. हेही डॉक्टरांना उपयोगी पडलं. आवडीच्या कामात अशी मुलं रमतात, आणि मग आपण म्हणतो 'मनात आणलं तर करतो, म्हणजे मुद्दामच करत नाही.' तसं नसतं. नावडत्या कामात मनाला धरून ठेवणं हेच तर त्याला जमत नाही.

मुलगा आठवी-नववीत असेल तर आणखी एक बघा. अशा पुष्कळ मुलांना जोडीला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असते, 'तारे जमीन पर' (२००७) मधल्या मुलासारखी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव मात्र नाही. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती आपल्या राज्यात १९९६ पासून आहेत, जादा वेळ, लेखनिक वगैरे. पण त्याला ठरलेल्या ठिकाणचं प्रमाणपत्र लागतं आणि ते चार दिवसांत मिळत नाही. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणाऱ्या आया मी बघितल्या आहेत.

औषधांची भीती सगळ्यांनाच. निदान झालं म्हणजे गोळ्या सुरूच, असं नाही. अगदी लहान मुलांच्या बाबतीत आधी आई-वडिलांना शिकवतात, सूचना एका वेळी एकच कशी द्यायची, चांगलं वागला की लगेच कसं सांगायचं. मोठ्या मुलांना गरज असेल तर औषध देतात, भूक-झोप-वजन-रक्तदाबावर लक्ष ठेवतात. त्याचा पुष्कळांना गुण येतो. घ्यायचं की नाही ते तज्ज्ञांशी बोलून ठरवा. पण औषधाच्या भीतीनं तपासणीच टाळायची हे मला पटत नाही. चष्मा लागेल म्हणून कुणी अक्षरं वाचायचं टाळतं का?

त्या मुलाचं निदान झालं. मार्चअखेरीला सुरुवात केली, जूनमध्ये कागद हातात आला. शाळा बदलली नाही, बाक बदलला. मारणं थांबलं, म्हणजे बरंचसं थांबलं. खरं तेच लिहिते.

पण माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "घरात लहानपणी असं कुणी होतं?" सासू लगेच म्हणाली, "आमच्या घराण्यात नाही हो असं कुणी." आणि ही, आई, एकदम गप्प झाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, ते सगळं माझंच सांगत होते हो."

मग मी तिला नव्यानं बघितलं. दूध रोज उतू घालवणारी. विजेचं बिल पैसे असूनही दंड पडल्याशिवाय न भरणारी. गॅसवर कुकर ठेवून शेजारी जाणारी. शिवणाचा क्लास अर्धा, पार्लरचा कोर्स अर्धा, पापडाचा धंदा दोन महिने. सासू म्हणते 'हिचं घरात लक्ष नाही', आणि लग्नाला दहा वर्षं झाली तरी ती स्वतःही तेच मानत आली. मोठेपणीही हे राहू शकतं, हे आपल्याला माहीतच नसतं. वयाबरोबर धावणं-पळणं कमी होतं, आतली धांदल राहते. २०२४ मध्ये आलिया भट्टनं मुलाखतीत स्वतःबद्दल हे सांगितलं, तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा हा शब्द ऐकला. रील बघून 'मला पण, मला पण' म्हणणाऱ्याही खूप झाल्या. थांबा. आपल्या वयाला विसरायला होतं त्याला थायरॉईड, रक्त कमी असणं, पाळी जायचा काळ, झोप नसणं, मनावरचं मळभ अशी कितीतरी कारणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत मोठ्यांसाठी आधी फक्त सहा प्रश्न आहेत, पण ती नुसती चाळणी. खरी तपासणी त्यापुढे, आणि तिची मुख्य अट तीच, बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का? मोठ्या माणसाला ते कसं आठवणार? म्हणून डॉक्टर जुने कागद मागतात आणि लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाला तरी बरोबर आणायला सांगतात.

पुरुषांचंही हेच आहे. दर वर्षी नोकरी सोडणारा, उधार-उसनवारी करून विसरणारा, गाडी वेड्यासारखी हाकणारा नवरा बायको सोसत असते. पण 'तपासून घ्या' म्हटलं की 'मी काय वेडा आहे?' ऐकावं लागतं. बायका निदान मुलाच्या निमित्तानं त्या दारापर्यंत पोचतात तरी.

तिची आई लांज्याजवळच्या गावात असते. गणपतीला ही माहेरी गेली तेव्हा पेटाऱ्यातून स्वतःची प्रगतिपुस्तकं काढून घेऊन आली. दुसरी, तिसरी, चौथी. वाळवीनं कडा खाल्लेल्या. तिन्ही वर्षं तिन्ही वेगळ्या गुरुजींनी शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ एकच लिहिलं आहे, मुलगी हुशार आहे पण लक्ष देत नाही. ती पुस्तकं घेऊन ती माझ्या ओसरीवर बसली होती, आणि हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी तिचा स्वतःचा केसपेपर काढायचा आहे. बरोबर लांज्याहून आई येणार, मीही जाणार. निदान काय होईल ते होईल. कोल्हापूरला नाही, इथेच, त्याच फाटकातून. सासूला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. 'डोळे दाखवायला' हे तर वापरून झालंय!